गाभा सरकलेला चेंडू

गोल्फच्या चेंडूचं वजन ४५.९३ ग्रॅमच्या वर चालत नाही आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरच्या खाली चालत नाही. तो मुद्दाम असमतोल बनवलेला नसावा, असंही नियमात आहे. पण नकळत असमतोल झाला तर? बाहेरून तो तितकाच पांढरा, तितकाच गोल, अंगभर तसेच खळगे. आतला रबरी गाभा मधोमध बसलाय की एका अंगाला सरकलाय, हे कापल्याशिवाय दिसत नाही, आणि कापला की चेंडू संपला. म्हणून कारखान्यात त्याचा एक्स-रे काढतात.

नाचणगावात गोल्फ खेळणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. तरी या चेंडूवरून इथे चांगली दोन तास खडाजंगी झाली, आणि दोन्ही बाजूंना बोलायचा अधिकार होता. एक माझे शेजारी. विदर्भातल्या एका दारूगोळा कारखान्यात त्यांची नोकरी झाली, त्यातली बहुतेक वर्षं तोफगोळ्यांच्या एक्स-रे फिल्म वाचण्यात. दुसरी त्यांची भाची. ती चाकणला, मोटारींचे ॲल्युमिनियमचे भाग ओतणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. दिवाळीला आली होती. चेंडूंच्या कारखान्यातल्या तपासणीची चित्रफीत तिनेच मोबाइलवर लावली. मामांचं बोलणं वऱ्हाडी, तिचं आता निम्मं पुणेरी. मी दोन्ही आहेत तशी ठेवली आहेत.

भाची : बघा मामा. एकेक चेंडू पट्ट्यावरून येतो, एक्स-रे निघतो, संगणक गाभ्याचा मध्य आणि चेंडूचा मध्य यांतलं अंतर मोजतो. मर्यादेबाहेर गेला की चेंडू बाजूला. सगळे वा वा करतायत. मला मात्र हे बघून बरं वाटत नाही.

मामा : काहून? मले तर लय बरं वाटलं.

भाची : कारण ही कबुली आहे. गाभा सरकतोय हे कंपनीला ठाऊक आहे. तो साच्यात का सरकतो ते शोधायचं सोडून दारात पहारा बसवलाय.

मामा : थांब. आधी मले हे सांग, फोटो एका बाजूनं काढून राहिले का दोन?

भाची : एकाच बाजूने दिसतोय इथे.

मामा : मग अर्धंच काम झालं. एक्स-रे म्हणजे सावली. गाभा डावीकडं सरकला तर दिसन, वर सरकला तर दिसन. पण किरण ज्या दिशेनं जाते त्याच दिशेनं पुढं-मागं सरकला, तर सावली मधोमधच पडते. तुझा संगणक त्याले पास करून टाकन. चेंडू काटकोनात फिरवून दुसरा फोटो पाहिजे.

तिने चित्रफीत मागे नेली, पुन्हा पाहिली आणि मान डोलावली. इथे एक गोष्ट माझ्याकडून. चेंडूचे सगळे थर रबराचे आणि प्लास्टिकचे. एक्स-रेला असे पदार्थ जवळजवळ सारखेच दिसतात. तरी चित्रात गाभा वेगळा उठून दिसतो, त्याचं श्रेय त्यात मिसळलेल्या जस्ताच्या संयुगांना. वजन हवं तिथे आणण्यासाठी कधी बेरियम सल्फेटही घालतात. पोटाच्या एक्स-रेच्या आधी रुग्णाला पाजतात ते पांढरं बेरियम हेच. जड मूलद्रव्य किरण जास्त अडवतं, एवढंच साधं कारण आहे. हे लक्षात ठेवावं, कारण पुढे वादाचं पारडं इथेच फिरलं.

भाची : या प्रकाराची सुरुवात कशी झाली माहितीये? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फिल यंग नावाचा माणूस होता, ॲकुशनेट कंपनीचा मालक. धंदा रबराचा. १९३२ साली मित्रांबरोबर गोल्फ खेळताना त्याचा एक अगदी सोपा फटका हुकला. मारलेला बरोबर होता, म्हणजे दोष चेंडूचा, असं त्याने धरलं.

मामा : असं तर सगळेच धरते.

भाची : पण हा तिथे थांबला नाही. बरोबर खेळणारा मित्र दवाखान्यात एक्स-रे विभागाचा डॉक्टर होता. दोघांनी जाऊन चेंडूचा एक्स-रे काढला. गाभा खरंच एका बाजूला होता. आणखी चेंडू तपासले, त्यांतही तेच. तेव्हाचे चेंडू म्हणजे मधे गाभा आणि त्यावर ताणून गुंडाळलेला रबरी धागा. धागा एकसारखा बसला नाही की गाभा ढकलला जायचा. यंगने फ्रेड बोमर या इंजिनिअर मित्राला हाताशी धरलं, धागा समान गुंडाळणारं यंत्र तयार केलं, त्याला तीन वर्षं लागली. १९३५ मध्ये त्यांचा टायटलिस्ट चेंडू बाजारात आला. आता मला सांगा, चेंडू कशाने सुधारला? एक्स-रेने की यंत्राने?

मामा : यंत्रानं.

भाची : झालं तर मग.

मामा : झालं कसं? यंत्र बरोबर गुंडाळून राहिलं का नाही, हे त्याले तीन वर्षं कशानं कळलं? चेंडू हातात घेऊन? प्रत्येक वेळी त्यानं फोटोच पाहिला असन.

भाची : शिकेपर्यंत फोटो हवा, हे मला मान्य आहे. शिकून झाल्यावरही रोज, प्रत्येक नगाला कशाला? वॉल्टर श्यूहार्टने १९२४ मध्ये नियंत्रण आलेख काढला तो याचसाठी. डेमिंगने तर चौदा सूत्रांतलं तिसरंच हे दिलं, की गुणवत्तेसाठी सरसकट तपासणीवर विसंबू नका. प्रक्रिया काबूत असली की मधूनमधून नमुना काढायचा, आलेखावर ठिपका मांडायचा. ठिपका भरकटला तरच धावायचं.

मामा : आणि यंगच्या नंतर चेंडूचा गाभा कधीच सरकला नाही?

ती हसली, कारण उत्तर तिच्या विरुद्ध जाणारं होतं आणि ते तिलाच ठाऊक होतं. २०१९ साली चेंडूंची परीक्षा घेणाऱ्या एका अमेरिकी संस्थेने कॅलवे या दुसऱ्या मोठ्या कंपनीचे चेंडू कापून दाखवले. महागड्या चेंडूंतही गाभा सरकलेला निघाला. आता धागा गुंडाळत नाहीत, थरांवर थर साच्यात दाबून चढवतात, पण आजार तोच. कंपनीने चिकोपी इथल्या आपल्या कारखान्यावर पाच कोटी डॉलर खर्च करायचं जाहीर केलं. त्यात उत्पादनाची नवी यंत्रंही होती आणि नव्या एक्स-रे मशीनही.

मामा : म्हणजे ऐंशी वर्षांनी परत तेच. काहून सांगू? यंत्र झिजते. साचा झिजते. चांगला मिस्त्री रिटायर होते. तू ज्याले काबूतली प्रक्रिया म्हणते, ती आज काबूत आहे.

भाची : म्हणून तर नमुना तपासायचा ना! मामा, तुमच्याच शेतातलं बोलू. सोयाबीन पेरायच्या आधी तुम्ही काय करता? शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवता. सत्तरच्या वर उगवले की बियाणं पेरायला घेता. पोत्यातला प्रत्येक दाणा कुठे बघता?

मामा : नाही पाहत.

भाची : मग?

मामा : मग काही नाही. तीस दाणे नाही उगवले तर तीस रोपं कमी. शेंगा जरा कमी लागन. आता गोळ्याचं ऐक.

आणि ते खुर्चीत पुढे सरकून बसले. यानंतरचा बराच वेळ त्यांचाच होता.

विदर्भात दारूगोळ्याची एक साखळीच आहे. नागपूरच्या अंबाझरीत गोळ्यांची पोलादी कवचं घडतात, भंडाऱ्याला स्फोटकं आणि गोळा नळीतून ढकलणारी दारू तयार होते, भद्रावतीच्या चांदा कारखान्यात भरणी होते. आणि तयार माल जिथे वर्षानुवर्षं मांडून ठेवतात ते केंद्रीय दारूगोळा भांडार आमच्या उशाशी, पुलगावला. नाचणगाव पुलगावला खेटून असल्यामुळे आम्ही त्याला नुसतं 'डेपो' म्हणतो.

मामा : टीएनटी ऐंशी अंशांच्या आसपास वितळते. वाफेवर पातळ करून गोळ्यात ओतते. गार होताना ते आकसते. आता आकसलेली जागा जाईन कुठी? वरून गोठलं आणि आत पातळ राहिलं, तर शेवटी मधात पोकळी राहते. नाहीतर बुडाशी फट राहते, ती तर अजून वाईट. गोळा उडते तेव्हा त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट जोर येते. आतली सगळी दारू मागं दबते. फटीतली हवा एका झटक्यात दाबली गेली की तापते. गोळा नळीतच फुटला, तर तोफेपाशी पाच-सहा पोरं उभी असते. आता सांग, शंभरातले सत्तर पास चालन?

भाची : (जरा थांबून) ही पोकळी म्हणजे आमची श्रिंकेज पोरॉसिटी आहे. अगदी तीच.

मामा : असनच. ओतलेलं सगळंच आकसते.

भाची : मग उपायही तोच असणार. खालून वर गोठवत आणायचं आणि वरचं नरसाळं शेवटपर्यंत गरम ठेवायचं, म्हणजे आकसलेली जागा वरच्या मालाने भरत जाते.

मामा : तेच करते. तरी एखादा निघतेच.

भाची : आणि तो एखादा तुमच्या डोळ्यांना दर वेळी दिसायचा?

प्रश्न बोचरा होता, पण त्यांनी तो सरळ घेतला. फिल्म कशी वाचतात ते त्यांनी हाताने दाखवलं. अंधाऱ्या खोलीत आधी डोळे सरावू द्यायचे, मग फिल्म उजेडाच्या पेटीवर लावायची. पोकळीतून किरण जास्त पार होतात, म्हणून ती फिल्मवर काळी उमटते. पण काळा डाग शोधायच्या आधी पेनिट्रामीटर शोधायचा. फोटो काढताना गोळ्यापाशी ठेवलेली ती एक पातळ पट्टी, जाडीच्या दोन टक्के किंवा ठरली असेल तेवढी. तिच्यातलं बारीक भोक फिल्मवर स्पष्ट दिसलं, तरच फिल्म वाचायच्या लायकीची. भोक दिसलं नाही तर गोळा कितीही निर्दोष दिसो, फोटो पुन्हा. दाताच्या फोटोला साठ-सत्तर किलोव्होल्ट पुरतात. मोठ्या पोलादी गोळ्याच्या आत पाहायला दहा लाख व्होल्टच्या पुढची यंत्रं लागतात, आणि तरीही पट्टीतलं भोक दिसेलच याची खात्री नसते.

मामा : जेवणानंतर डोळा जड होते. म्हणून दुपारच्या फिल्म मी दुसऱ्या दिवशी सकाळी परत पाहत होतो. कोणी सांगितलं नव्हतं. दोनदा पाहिल्यावर काही सापडलंच नाही असं कधी झालं नाही, एवढं सांगतो.

मला हे वाक्य दोघांच्याही बाजूचं वाटलं. ते सांगत होते ती शिस्त, पण ऐकू येत होतं ते सरसकट तपासणीचं वर्म: तपासणाऱ्यालाही तपासावं लागतं. भाचीला ते ऐकू आलं असावं. तिने लगेच हापूसचा विषय काढला. हापूसमधला साका, म्हणजे आतला गर बिघडणं, बाहेरून ओळखू येत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सौम्य एक्स-रेने न कापता साका दिसतो हे दाखवून दिलं. तरी कोकणातल्या बागायतदाराचं भलं कशाने होतं? झाडाखाली गवताचं आच्छादन करून जमिनीची धग कमी केल्याने, फळ वेळेवर उतरवल्याने. कोकण कृषी विद्यापीठाने तर नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना ही साका न होणारी जातच काढली. मामांनी आंब्यावर वाद घातला नाही. साक्याच्या आंब्याने कोणी मरत नाही, एवढंच म्हणाले.

मग ती डेपोवर आली. येणारच होती.

नाचणगावच्या माणसाला ३१ मे २०१६ ची पहाट सांगावी लागत नाही. मध्यरात्रीनंतर डेपोतल्या एका साठवण शेडला आग लागली, स्फोट झाले, आगरगाव, पिपरी, नागझरीच्या लोकांना घरं सोडून बाहेर काढावं लागलं. आग विझवायला गेलेले लष्करी अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी मारले गेले. पुढे बोट दाखवलं गेलं ते रणगाडाविरोधी सुरुंगांतून पाझरलेल्या टीएनटीकडे. तशा बातम्या सगळ्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या.

भाची : ते पाझरणं तुमच्या फिल्मवर दिसलं असतं?

मामा : नाही.

भाची : सगळ्या सुरुंगांचा, प्रत्येकाचा एक्स-रे काढला असता तरी?

मामा : तरी नाही. भरलेला आहे, फट नाही, तडा नाही, असं दिसलं असतं. पास केला असता.

वर बेरियमचं म्हटलं ते इथे लागू पडतं. एक्स-रेला माल कुठे किती दाट आहे आणि त्यात जड मूलद्रव्य किती, एवढंच कळतं. तो माल काय आहे हे कळत नाही. शुद्ध टीएनटी आणि त्यात राहून गेलेली त्याचीच भावंडं असलेली संयुगं यांची दाटी इतकी जवळची, की सावलीत फरक पडत नाही. पण हीच अशुद्ध द्रव्यं टीएनटीत मिसळून वितळायचं तापमान खाली आणतात. आणि आपल्याकडे मे महिन्यात नुसती हवाच पंचेचाळीस अंशांना टेकते. वर्षानुवर्षं हे चाललं की तेलकट द्राव हळूहळू फटींतून बाहेर येतो.

मामा : हे पकडायचं साधन वेगळं आहे. काचेची नळी आणि थर्मामीटर. टीएनटी वितळवायचं, गार होऊ द्यायचं, कोणत्या अंशावर गोठते ते पाहायचं. चांगलं लष्करी टीएनटी ८०.२ च्या खाली गोठलं नाही पाहिजे. खाली गेलं म्हणजे त्यात घाण आहे. करोडोच्या एक्स-रे मशीनले जे दिसत नाही ते त्या नळीत दिसते.

भाची : आणि ती परीक्षा नमुन्यावर होते! प्रत्येक गोळ्यातलं टीएनटी काढून कोणी वितळवत नाही.

मामा : नमुन्यावरच होते.

भाची : म्हणजे सगळ्यात घातक दोष पकडायला नमुना चालतो आणि पोकळीला चालत नाही?

मामा : टीएनटीचा एक घाणा, म्हणजे एका वेळी काढलेला माल, एकसारखा असते बाई. एक चमचा वाईट तर सगळा घाणा वाईट, म्हणून चमचा पुरते. पोकळी तशी नसते. ह्या गोळ्यात असन, शेजारच्यात नसन. जो दोष घाण्याचा आहे त्याले नमुना, आणि जो दोष नगाचा आहे त्याले एकेक नग. हे तुझ्या पुस्तकात नाही का?

पुस्तकात असेलही. माझ्या मते त्या दुपारचं सगळ्यात कामाचं बोलणं हे होतं, आणि ते बोलणाऱ्याकडे डिप्लोमाच्या पुढची पदवी नाही. भाचीने ते पूर्ण मान्य केलं नाही. गाभा सरकणं हा साच्याचा दोष असतो, त्या साच्यातून निघालेले सगळेच चेंडू एकाच बाजूला झुकतात, म्हणजे तो घाण्याचाच दोष झाला, असं तिचं म्हणणं. चेंडूपुरतं तिचं बरोबर असावं. साचा झिजला तर बरोबर, रबर एखाद्या वेळी आडवंतिडवं वाहिलं तर नाही.

मामा : बरं, तो बाजूला काढलेला चेंडू, त्याचं काय करते?

भाची : त्याचीही गंमत आहे. किरकोळ दोष असेल तर कंपनीच्या नावावर फुल्या मारतात आणि स्वस्तात विकतात. एक्स-आऊट म्हणतात. सरावाला चालतात.

मामा : आमच्या गोळ्यावर फुली मारून नाही विकता येत. वाफेनं दारू वितळवून बाहेर काढायची, कवच धुवायचं, परत भरायचं. आणि तुझ्याकडं?

भाची : आमचा नापास भाग भट्टीत जातो. वितळतो, पुन्हा ओततो.

मामा : भट्टीत जायच्या आधी त्याचा फोटो कोण पाहते?

भाची : ...संगणक बघतो. पास, नापास. महिन्याला किती नापास, त्याचा आकडा माझ्याकडे येतो.

मामा : आकडा येते. फोटो कोण पाहते?

भाची : तसा कोणी नाही. सर्व्हरवर असतात काही दिवस.

मामा : मी फिल्म घेऊन भरणीच्या शेडपर्यंत चालत जात होतो. खिडकीच्या उजेडात धरून ओतणाऱ्या पोराले दाखवायचो. पाय, तुझी पोकळी खांद्यापाशी येऊन राहिली, बुडाशी नाही. म्हणजे तुझं नरसाळं लवकर गार होते. त्याले समजायचं. नुसतं 'आज सात नापास' म्हटलं तर त्यानं काय करायचं, रडायचं?

भाची : हेच तर मी मघापासून म्हणतेय! प्रक्रिया सुधारा.

मामा : मीही तेच म्हणून राहिलो. फोटो काढून सुधारा म्हणतो. तू फोटो बंद करून सुधारा म्हणते.

भाची : बंद नाही, कमी. दोष कमी झाले की मशीन कमी चालवायची, हे माझं मत कायम आहे.

मामा : ठेव. पण आधी ते सर्व्हरवरचे नापास फोटो पाय. पुढच्या वेळी येशीन तेव्हा शंभरेक घेऊन ये. दोघं मिळून पाहू, पोकळी कुठी कुठी आहे ते.

भाची : कंपनीबाहेर फोटो नेता येत नाहीत मामा. नोकरी जाईल.

मामा : आमच्याकडंही नव्हते नेता येत. मग तूच जा ओतणाऱ्यापाशी, तिथं नेता येते का नाही?